वाड्याच्या मागच्या भिंतीवर

अमरावतीस येणारा प्रवासी बहुधा ठराविक स्थळें पाहून परत फिरतो. अंबादेवी व एकवीरा यांचें दर्शन घेतो. अंबागेटाच्या कमानीखालून एकदां आंतबाहेर करितो. निजामाच्या अमदानींत १८०७ सालीं बांधावयास घेतलेल्या परकोटाचा एकादा तुकडा कोणीं दाखविलाच, तर त्याच्या दगडांवरून हात फिरवितो. आणि बडनेऱ्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून रिक्षा करितो. कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या येथील वाड्यांचे सागवानी खांब व नक्षीच्या चौकटी पाहण्याजोग्या आहेत, यांत शंका नाहीं. परंतु गेल्या दिवाळीनंतर आमचा मुक्काम पंधरा दिवस परकोटाच्या आंत, खोलापुरी गेटाच्या बाजूस, आमच्या कै. मावसबंधूंच्या वाड्यांत होता, आणि त्यांतील बराचसा काळ आम्हीं मागच्या भिंतीपाशीं खुर्ची टाकून घालविला. त्या भिंतीवर बिडाचा एक जुना नळ आहे. त्याच्या दुरुस्तीचा वृत्तांत येथें देण्याचें योजिलें आहे. विषय जरा ओंगळ आहे हें आम्ही जाणतों. पण ज्यांच्या घराला मागची भिंत आहे त्या सर्वांचा तो आहे.

नळ पिण्याच्या पाण्याचा नव्हे, सांडपाण्याचा व मैल्याचा. माडीवरील न्हाण्या व संडास यांचें सारें पाणी घेऊन खालीं चेंबरांत सोडणारा, आणि वरच्या बाजूस छपराच्याहि पलीकडे जाऊन डोक्यावर जाळीची टोपी घालून उभा असलेला चार इंची काळा नळ. वर गेलेला हा भाग कशास, असें पुष्कळांस वाटतें, व दुरुस्तीच्या वेळीं निरुपयोगी म्हणून तो कापूनहि टाकितात. तो कापूं नये. घाण वायु त्या वाटेनें वर निघून जातो, आणि पाणी वेगानें उतरतांना नळांत जी पोकळी होते ती भरून निघावयास वरून हवा मिळते. तशी हवा न मिळाली तर न्हाणीखालच्या वांकड्या नळींत अडवून ठेवलेलें पाणी त्या पोकळींत ओढलें जातें, आणि मग खालची दुर्गंधि सरळ घरांत शिरते. नळी वांकवून तींत ओंजळभर पाणी कायमचें अडकवून ठेवण्याची ही युक्ति लंडनमधील अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें १७७५ सालीं आपल्या नांवानें नोंदविली. घड्याळें करणाऱ्या मनुष्याला हें सुचावें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. धिरड्याचा तवा ज्याचा असतो तेंच. आमच्या रसशास्त्रांत लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत, व त्यांतील मुंड म्हणजे बीड असावें असें कांहीं विद्वान मानतात. या नळाचे सांधे ज्या शिशानें भरतात त्याचें शास्त्रांतील नांव नाग, आणि त्याची गणना पूतिलोहांत, म्हणजे दुर्गंधयुक्त धातूंत केलेली आहे. गटाराच्या कामीं पूतिलोहच यावें, हा योगायोग मौजेचा खरा. पन्हळ हा शब्द संस्कृत प्रणाल यापासून आला. त्याचेंच दुसरें रूप प्रणाली. हल्लीं आमचा नातू संगणकाच्या निरनिराळ्या प्रणालींविषयीं बोलूं लागला, म्हणजे आम्हांस त्या शब्दाचें मोरीकडील कूळ आठवून हंसूं येतें. त्या कुळाला कमी लेखण्याचें मात्र कारण नाहीं. मोहेंजोदडो येथें साडेचार हजार वर्षांपूर्वीं माडीवरचें सांडपाणी खालीं आणण्यासाठीं कांहीं घरांच्या भिंतींत भाजलेल्या मातीचे नळ बसविलेले होते.

वऱ्हाडांत या नळापूर्वीं काय होतें तें साठीच्या पुढील वाचकांस सांगावयास नको. परकोटाच्या आंतील जुन्या वाड्यांमागें अरुंद बोळ आहेत. त्या बोळांकडे संडासाचें खालचें तोंड असे, तेथें टोपली असे, आणि पहांटे येऊन ती डोक्यावर वाहून नेणारा एक माणूस असे. वाड्यांतल्या कोणाला त्याचा चेहरा ठाऊक नसे. त्याची वाटच तशी आंखलेली होती. या प्रथेस १९९३ च्या कायद्यानें मनाई झाली, व २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसाला गटारांत किंवा मैल्याच्या टांकींत उतरविणें हाहि गुन्हा ठरला. कायद्याच्या कितीतरी आधीं, याच जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेमहाराज हातांत खराटा घेऊन गांवोगांव झाडीत हिंडले. १९५६ सालीं त्यांनीं देह ठेविला. त्यांची समाधि अमरावतींतच, गाडगेनगरांत आहे. प्रवाशानें अंबादेवीहून तिकडे अवश्य जावें. आम्ही त्या पंधरा दिवसांत दोनदां गेलों. ज्या वाड्याला बिडाचा नळ बसला त्या वाड्यापुरती ती टोपली बंद झाली, म्हणून त्या काळ्या नळाकडे आम्ही थोड्या आदरानेंच पाहतों.

आतां वाड्याची हकीकत. त्याचे तीन वांटे झालेले आहेत. तळमजला वहिनींकडे, माडीचे दोन भाग दोघां पुतण्यांकडे. नळावर ज्या न्हाण्या आहेत त्या माडीवरच्या; वहिनींची न्हाणी अंगणांत निराळी आहे. नळ मात्र वहिनींच्या निजावयाच्या खोलीच्या भिंतीला लागून उतरतो. दोन पावसाळे ती भिंत ओली होती. चुन्याचे पोपडे निघत, पांढरा क्षार फुटे, आणि कोपऱ्यांत वरून खालीं तिरपी चीर गेली होती. उन्हाळ्यांतहि ओल हटेना, तेव्हां ती पावसाची नव्हे हें उघड झालें. थोरला म्हणे, नळ धाकट्याच्या बाजूस आहे; धाकटा म्हणे, वापर थोरल्याकडचा अधिक आहे; आणि दोघेहि मिळून म्हणत, भिंत काकूंची आहे. वांटणीपत्रांत खिडक्या, विहिरीचा रहाट, तुळशीपुढील फरशी या सर्वांची नोंद होती, नळाची नव्हती.

“भाऊजी, मला भांडण नको,” वहिनी म्हणाल्या. “पण ही भिंत माझ्या उशाशीं आहे.”

मनूनें अविभाज्य वस्तूंची जी यादी दिली आहे तींत पाणी व प्रचार हीं दोन नांवें येतात. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत सांगतो कीं विहिरीसारखें पाणी मोल ठरवून वांटूं नये, पाळीपाळीनें वापरावें; आणि प्रचार म्हणजे घरांत जाण्यायेण्याच्या वाटा. पाण्याला बाहेर पडण्याची वाट या दोहोंत बसते, असा अर्थ आम्हीं दोघां पुतण्यांपुढें लाविला. थोरला वकिली करितो. तो म्हणाला, “मास्तरकाका, न्यायालयांत हें टिकणार नाहीं.”

“न टिको,” आम्हीं म्हटलें, “भिंत टिकली पाहिजे.”

एवढ्या बोलण्यानें कांहीं झालें नाहीं. जें झालें तें मिस्त्रीच्या बोलण्यानें.

मिस्त्री दर्यापूरकडचे, साठीच्या घरांतले. हल्लींचे तरुण कारागीर प्लॅस्टिकचें काम सफाईनें करितात. परंतु शिशाचा सांधा भरणारे हात आतां थोडे उरले आहेत. यांनीं आल्याबरोबर शिडी लाविली आणि लहान हातोडीनें नळ वरपासून खालपर्यंत ठोकीत आले. वर घंटेसारखा स्वच्छ नाद येत होता. खालीं, जेथें नळ वळून जमिनींत शिरतो तेथें, तो एकाएकीं बद्द झाला. मिस्त्रीनीं तेथें चाकूचें टोक लाविलें, आणि तें लोखंडांत शिरलें.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. बिडांत कार्बनाचें प्रमाण शेंकडा दोनांहून अधिक असतें, व त्याचा बराच भाग ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानें आंत पसरलेला असतो. ओलाव्यांत व क्षारांत वर्षानुवर्षें राहिल्यानें लोखंड हळूहळू निघून जातें आणि ग्राफाइटचा सांगाडा गंजासह जागच्या जागीं उभा राहतो. आकार तोच, रंग काळाच. पण बळ गेलेलें. ज्याला आपण शिसपेन्सिल म्हणतों तींत शिसें मुळींच नसतें, हेंच ग्राफाइट असतें, हें आम्ही शाळेंत दरवर्षीं सांगत असूं. नळ पेन्सिल झालेला मात्र आम्हीं प्रथमच पाहिला.

“गुरुजी, वरचा नय ठनठनीत हाये,” मिस्त्री म्हणाले. “बुडचा बाक गेला, अन् दोन सांधे फुटले. पन ह्या सांध्याइत सिमिट कोनं भरलं?”

पूर्वींच्या कोणा दुरुस्तीवाल्यानें जुनें शिसें काढून तेथें सिमेंट ठासलें होतें. दिसावयास घट्ट, पण दोन्ही सांध्यांना केसासारख्या भेगा पडल्या होत्या. मिस्त्रीनीं कुदळ मागविली व भिंतीच्या पायथ्याशीं दोन हात खणलें. वरचा मुरूम संपतांच काळीभोर चिकट माती लागली.

“हे पाहा. कायी माती. उन्हायात फाटते, पावसायात फुगते. घर हालते, सिमिट हालत नाई. मंग सांधा सुटते.”

वऱ्हाडच्या घरांचें मर्म या तीन वाक्यांत आलें. ज्या मातीनें येथें कापूस पिकविला, तीच घरांच्या पायाखालीं आहे. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनलेल्या या मातींत मॉन्टमॉरिलोनाइट नांवाचा चिकण द्रव्याचा प्रकार असतो; पाणी मिळालें कीं तो फुगतो, सुकला कीं आकसतो. वैशाखांत शेताच्या भेगांत काठी घालून पाहणाऱ्यांस हें ठाऊक आहे. सबंध घराखालची माती सारखी फुगली तर फारसें बिघडत नाहीं. पण नळाच्या बुडाशीं गळती झाली कीं एकाच कोपऱ्याखालची माती बाराहि महिने भिजते. ती तेवढीच फुगते, कोपरा उचलते, भिंतीला तिरपी चीर पडते. उचललेल्या भिंतीबरोबर नळ ओढला जाऊन सांधा अधिक सुटतो, आणि मातीला आणखी पाणी मिळतें. दोन वर्षें वाड्याच्या त्या कोपऱ्याखालीं हें चक्र चाललें होतें. मिस्त्रीनीं मग बोट वर करून भिंतीवर टेकलेली तुळई दाखविली. माडीच्या दोन्ही बिऱ्हाडांचा तक्तपोस त्या एका तुळईवर होता.

दोघे पुतणे बराच वेळ वर पाहत उभे होते. खर्च दोघांनीं निमेनीम करावा असें त्याच संध्याकाळीं ठरलें. वहिनींनीं तें मोडलें. “भिंत माझी, असें तुम्हीच म्हणत होतां ना? मग माझाहि वांटा घ्या,” असें म्हणून त्यांनीं तिसरा हिस्सा पुढें ठेविला. तो घेतांना थोरल्याची मान खालीं होती.

धाकट्याचें मत सगळाच नळ काढून प्लॅस्टिकचा घालावा असें होतें, व तें अगदींच टाकाऊ नव्हतें. प्लॅस्टिक हलकें, स्वस्त, गंज नाहीं. परंतु ही भिंत पश्चिमेची. या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो व पौषांतल्या पहांटे दहाच्या आसपास उतरतो. पस्तीस अंशांच्या फरकानें दहा मीटर लांबीचा बिडाचा नळ सुमारें ४ मिलिमीटर वाढतो. तेवढाच प्लॅस्टिकचा नळ दोन सेंटिमीटरांहून अधिक वाढतो. त्याला वाढावयास जागा ठेवणारे रबरी सांधे मिळतात, पण ते योग्य रीतीनें बसविण्याइतका धीर थोड्यांजवळ असतो. शिवाय उन्हानें तो वर्षांमागून वर्षें ठिसूळ होत जातो, आणि माडीवरून पाणी पडतांना त्याचा खळखळाट खोलींत ऐकूं येतो. बीड जड असल्यामुळें मुकें असतें. फ्रान्समधील व्हर्साय येथें १६६४ सालीं घातलेले बिडाचे नळ तीनशें वर्षांहून अधिक काळ पाणी वाहत होते. वरचा नळ ठणठणीत असतां तो भंगारांत घालणें आम्हांस पटेना, व मिस्त्रींनाहि पटलें नाहीं.

काम चार दिवस चाललें. त्या काळांत माडीवरच्यांनीं वहिनींची न्हाणी वापरली. किती वर्षांनीं तीं मुलें त्या अंगणांत येऊन बसलीं असतील! प्रथम मिस्त्रीनीं बांबूच्या लवचिक कांबी जोडून चेंबर मोकळें केलें. शेजारच्या एका गृहस्थानें “पोरगा उतरवा ना आंत, अर्ध्या तासाचें काम,” असें सुचविलें, तेव्हां मिस्त्रीनीं त्याच्याकडे नुसतें पाहिलें आणि कांबीचा पुढचा तुकडा मागितला. नंतर भिजलेली काळी माती दोन हात खोलपर्यंत काढून तेथें मुरूम थरांथरांनीं ठोकून बसविला. नवा बाक त्यावर टेकविला. या बाकाला पेंच काढून उघडतां येणारें झांकण असतें. तें भिंतीकडे न ठेवतां बाहेरच्या अंगास ठेविलें, म्हणजे पुढें तुंबल्यास कांब त्यांतून घालतां येते.

मग शिसें. वरच्या नळाचें टोंक खालच्या नळाच्या फुगीर तोंडांत बसवावयाचें. मधल्या फटींत डांबरांत भिजवून वाळविलेली तागाची दोरी वेढे देऊन ठासावयाची. आणि उरलेल्या सुमारें इंचभर खोलींत वितळलेलें शिसें ओतावयाचें. चार इंची नळाच्या एका सांध्यास साधारण किलोभर लागतें. तें ३२७ अंशांवर वितळतें, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर सहज. पण सांध्यांत ओलाव्याचा एक थेंब जरी राहिला तरी त्याची वाफ होऊन शिसें उसळतें व माणसाचे डोळे जातात. म्हणून मिस्त्रीनीं प्रत्येक सांधा आधीं चिंधीनें व मग उन्हानें कोरडा केला. शिशाची वाफ व धूळ विषारी, आणि मुलांस तर फारच अपायकारक, म्हणून वाड्यांतील सारीं मुलें दिवसभर बाहेर पाठविण्यांत आलीं. पळी भरून एकाच धारेंत सांधा पुरा करावा लागतो. मध्यें थांबलें तर थर एकजीव होत नाहींत. आडव्या सांध्याला ओल्या मातीची पाळ घालून वर एक तोंड ठेवितात; पाळ नळाच्या बाहेरून बसते, आंत तिचा ओलावा जाऊं द्यावयाचा नसतो. थंड होतांना शिसें किंचित् आकसतें. म्हणून शेवटीं बोथट छन्नी व हातोडीनें तें सभोंवार ठासून बसवावें लागतें. वाड्यांत तासभर तो आवाज एका लयींत चालला होता. हें ठासणें जो टाळतो त्याचा सांधा पहिल्या पावसाळ्यांत गळतो. शिसें मऊ असल्यानें घर थोडें हललें तर तेंहि थोडें हलतें, फुटत नाहीं. काळ्या मातीच्या प्रांतांत त्याची खरी किंमत ही आहे.

पारख जुन्या पद्धतीनें केली. माडीवरून नळांत पेपरमिंटचें तेल टाकून वर कढत पाणी ओतावयाचें, आणि ज्यानें तेलाची बाटली उघडली नाहीं अशा माणसानें खालीं सांधे हुंगावयाचे. हें काम वहिनींकडे आलें. त्यांनीं प्रत्येक सांध्याशीं नाक नेलें, खोलींत जाऊन भिंत हुंगली, आणि बाहेर येऊन “कांहीं नाहीं” म्हणाल्या. नळाला पूर्वीं शेंदराचा, म्हणजे शिशाचाच, पहिला हात देत. तो आतां न देतां जस्ताचा दिला व वर काळा रंग चढविला. भिंत वाळावयास एक उन्हाळा जावा लागेल. चीर तोंवर बुजवूं नये, तिच्यावर तारीख घालून कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवाव्या, असें मिस्त्रीनीं सांगितलें. पट्टी फाटली तर माती अजून हलते आहे असें समजावयाचें.

शिशाचें एवढें गुणगान केल्यावर त्याच्या उलट एक उदाहरण देणें आम्हांस प्राप्त आहे. अमरावतीहून आम्ही अकोल्यास गेलों. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गें सुमारें ऐंशी किलोमीटरांचा प्रवास. मोर्णेच्या पश्चिम तीरावरील जुनें शहर, असदगडाचा उरलेला तट आणि राजराजेश्वराचें देऊळ हीं प्रवाशानें पाहावींच. श्रावणांत या देवाला कावडींनीं पाणी येतें तें उत्तरेस गांधीग्राम येथून, पूर्णेचें. आमचे एक जुने विद्यार्थी त्याच बाजूच्या एका गांवीं राहतात, व अमरावतीची हकीकत ऐकून त्यांनीं आम्हांस आपल्या वाड्याचा नळ दाखवावयास नेलें.

पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. विहिरी भरलेल्या, पण पाणी तोंडांत धरवत नाहीं. मातीहि खारट, आणि खाऱ्या ओलाव्यांत लोखंडाचा नाश फार लवकर होतो, कारण गंजण्याच्या क्रियेंत जो सूक्ष्म विद्युत्प्रवाह चालतो त्याला क्षार वाट करून देतात. भिंतीवरचा नळ येथेंहि चांगला होता. जमिनींत पुरलेली वीसएक फुटांची लांबी मात्र संपूर्ण गेली होती; शिशाचे सांधे तेवढे शाबूत, आणि मधला नळ नाहींसा! येथें बिडाचा आग्रह धरणें वेडेपणाचें झालें असतें. पुरलेल्या भागांत आम्हीं प्लॅस्टिकचाच नळ घालण्यास सांगितलें. जमिनीखालीं ऊन नाहीं, क्षाराचें त्याला भय नाहीं. रेतीचा बिछाना करून तो ठेविला, सांध्यांत रबरी कडीं घातलीं, म्हणजे माती हलली तरी चालेल, आणि भिंतीवरच्या बिडाशीं त्याची गांठ रबरी बाही व दोन पोलादी पट्टे यांनीं घातली. दोन दिवसांत काम उरकलें.

उकरून काढलेले तुकडे अंगणांत पडले होते. भंगारवाल्यानें ते उचलून पाहिले, वजन हातीं लागेना म्हणून परत टाकिले. विद्यार्थ्याची सात वर्षांची नात आमच्याजवळ उभी होती. तिनें एक खपली उचलली, ओट्याच्या पांढऱ्या भिंतीवर टेकविली आणि “श्री” लिहिला. तो चांगला ठळक उमटला. मग तिनें वेलांटी दुरुस्त केली.